हळद हळद

माझा फोन कपडे भिजवलेल्या बादलीत पडला तेव्हा आईला जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. शांती नगरच्या दुकानदाराने तो तीन दिवस ठेवून घेतला आणि "आंटी, सब डेटा गया" म्हणून परत दिला. फोनचं मला काही नव्हतं, नवा आणता आला असता. त्यात आईच्या व्हॉइस नोट्स होत्या. तिचा आवाज माझ्याकडे दुसऱ्या कशातच नव्हता.

आईला टाइप करता यायचं नाही, ती माइक दाबून बोलायची. आमचा बत्तीस जणांचा घरचा ग्रुप आहे, त्यावर मात्र कधीच बोलायची नाही. ज्याला जे सांगायचं ते त्याला वेगळं. भाईंदरला खारीत माझ्या धाकट्या भावाकडे राहायची. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून बोलायची आणि कठड्यावर कबुतरं आली की नोट चालू असतानाच त्यांना हाकलायची. "हड हड, मेल्यांनो." एकही नोट कबुतरांशिवाय नसायची. पुन्हा आपलं जिथे सोडलं तिथून चालू.

आईचा फोन ती गेल्यावर पुसून विकला होता, बाकी कोणी नोट्स जपल्या नव्हत्या, म्हणून मी भावजयीला विचारलं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, घरी यायला आठ वाजतात. म्हणून आई दुपारीच तिला नोट पाठवून ठेवायची, आल्यावर कशाला फोडणी द्यायची, कशात मीठ घातलंय, कशात नाही. हे मला ठाऊक होतं. म्हटलं, असतील नसतील तेवढ्या मला पाठव गं. ती म्हणाली, "ताई, मी पण फोन बदलला ना, सगळं गेलं." मी विश्वास ठेवला. आपण सरळ असलो की जग सरळ वाटतं.

ग्रुपवर सगळ्यात जास्त मीच असते, हे कबूल करायला मला लाज नाही. खारीत पाणी कधी येणार, काशीगावच्या मावशीचा गुडघा कसा आहे, कोणाच्या पोराला कुठे नोकरी लागली, हे सगळं आधी माझ्याकडे येतं आणि माझ्याकडून बाकीच्यांकडे जातं. रेसिपी विचारायची तरी मलाच विचारतात, कारण मी आईची मुलगी. भावजय ग्रुपवर अंगठा दाखवण्यापलीकडे कधी गेली नव्हती.

आणि आई जाऊन वर्ष उलटल्यावर एक दिवस तिने बांगड्याच्या तिखल्याची रेसिपी टाकली. चांगली लांबलचक, वर लिहिलेलं, "माझी पद्धत". पद्धत आईची होती. आमसुलं किती, मिरची कोणती, शब्दन् शब्द आईचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. जिवंत होती तोवर तिच्या हातचं खाल्लंस, आता तिचं नावही खा. पण मी 'छान हं' एवढंच लिहिलं.

दोन दिवसांनी ग्रुपवर फोटो यायला लागले. लोकांनी करून बघितलं होतं आणि सगळ्यांचं तिखलं पिवळंजर्द. मावसबहिणीने तर लिहिलं, माझ्या बांगड्याला कावीळ झालीय. मी रेसिपी पुन्हा उघडली. सुरुवातीला वाटणात हळद होतीच. मग खाली, अगदी शेवटी, तिरफळं ठेचायची तिथे परत, 'हळद हळद'. दोनदा. किती, कशी, काही नाही. आईने तिरफळांवर हळद कधी घातली नव्हती. मी ते मोठ्याने वाचलं. हळद हळद. आणखी एकदा वाचलं, जरा भरभर.

हड हड.

भावजयीला मराठी टाइप करायचा कंटाळा, ती बोलते आणि फोन लिहून घेतो. एका फोनवर आईची नोट लावली असणार आणि दुसऱ्याचा माइक पुढे धरला असणार. फोनने आईचं सगळं बोलणं इमानेइतबारे लिहून काढलं, कबुतरांसकट. 'मेल्यांनो' हिने खोडलं असेल. 'हळद हळद' राहिलं, कारण रेसिपीत हळदीला कोण हटकणार.

म्हणजे नोट्स होत्या. आई तिच्या फोनमध्ये होती, आणि मी वर्षभर आईचा आवाज आठवायचा प्रयत्न करतेय, भांडी घासताना, भाजी निवडताना, आणि तो मला येत नाहीये. शब्द येतात, आवाज येत नाही. ते हिला माहीत होतं, मी तिच्याजवळ रडले होते.

त्याच दिवशी फोन करून भांडता आलं असतं. नवरा म्हणाला, माग, देईल. पण मला नुसती नोट नको होती. मला तिला सगळ्यांसमोर खाली मान घालायला लावायचं होतं. काशीगावच्या मावशीची पंचाहत्तरी तीन आठवड्यांवर होती, सगळे येणार होते. ते तीन आठवडे मी मोठ्या आनंदात काढले. भावजयीने काही टाकलं की मी लिहायचे, 'अगदी आईच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं'. शेजारच्या भाभीलासुद्धा सांगितलं, "देखना भाभी, ऐसा पकडूंगी ना उसको." भाभी म्हणाली, जाने दो ना. मी काय जाऊ देणार.

मावशीकडे जेवणं झाली. मुलांनी गाण्यांसाठी स्पीकर आणला होता तो कोपऱ्यात होताच. मी सगळे बसलेत असं बघून भावजयीला विचारलं, "काय गं, तिरफळांवर हळद कधीपासून घालायला लागलीस?" ती हसली, म्हणाली, चुकून झालं. मी म्हटलं, चुकून नाही, आई कबुतरं हाकलत होती. आणि मग मी सगळं सांगितलं, एकेक, ठरवलं होतं तसं. फोन बदलला म्हणालीस, सगळं गेलं म्हणालीस, मी तुझ्यासमोर रडले. माझा भाऊ चपलांकडे बघत होता. भावजयीचं तोंड एवढंसं झालं होतं आणि खोटं कशाला बोलू, मला गार वाटलं.

ती उठून माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "ताई, आहेत माझ्याकडे. पण इथे नको. घरी जाऊन तुम्ही एकट्या ऐका. मी पाठवते."

"का? सगळ्यांची होती ती. सगळ्यांना ऐकू दे."

"ताई, ऐका माझं."

"तिखल्याची काढ," मी म्हटलं.

तिने काढून दिली. मी स्वतः फोन स्पीकरला जोडला आणि स्वतः बटण दाबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आईचा आवाज खोलीभर झाला. मावशीने डोळ्याला पदर लावला. आमसुलं, मिरच्या, खोबरं. तिरफळं ठेचायची आणि, हड हड, मेल्यांनो. सगळे हसले, रडता रडता हसले, आणि मीही. मी भावजयीकडे बघितलं, आता बोल म्हणून. ती स्पीकरकडे हात नेत होती. मी तिचा हात बाजूला केला.

"तिरफळं अशीच नाही टाकायची," आई बोलत होती. "कोमट पाण्यात ठेवायची आणि ते पाणी सगळ्यात शेवटी घालायचं. हे ताईला सांगू नको हां. तिला मी पाण्याचं कधी सांगितलेलंच नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, जेवणाच्या आत भाईंदरभर करील, माझ्या घरातलं सगळंच करते. तू हे तुझं म्हणून कर. विचारलं कोणी तर माझी पद्धत म्हणायचं. ठेवते, दूध वर आलं."

मावशी म्हणाली, चहा टाका गं कोणीतरी, आणि चारपाच बायका एकदम उठल्या.

रिक्षात नवरा एकदाही म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. घरी पोचले तर फोनवर भावजयीकडून नोट्स यायला लागल्या होत्या. मी मागितल्या होत्या तशा, असतील नसतील तेवढ्या, एकाखाली एक, त्रेसष्ट. सोबत एक शब्द नाही. मी सूड घ्यायला तीन आठवडे घातले. तिने काहीच केलं नाही, आणि तिचा सूड माझ्यापेक्षा चांगला झाला. तिच्यावर अजून राग आहे माझा. आईवरही आहे, पण तिच्याशी भांडायचं कुठे जाऊन.

आता आईचा आवाज माझ्याकडे आहे. बटण दाबलं की येईल. त्याला पाच महिने झाले आणि त्रेसष्टातली एकही मी उघडलेली नाही.