उभ्याने पांढरा, बसून पिवळा

दात दुसऱ्यांदा परत आला होता. छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत, कापसावर ठेवलेला. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी: "पहिला जास्त पांढरा होता. हा जास्त पिवळा. पेशंट कंटाळली आहे." चिठ्ठी वाचून होत नाही तोच फोन वाजला.

"ताई, स्पष्ट बोलू का?"

हे डॉक्टर वयाने माझ्याहून लहान, कामाला चोख आणि स्पष्ट बोलायला कधीही परवानगी न मागणारे. आज मागितली म्हणजे काहीतरी वाईटच असणार.

"बोला."

"काकांचे डोळे तपासून घ्या. वय झालंय त्यांचं. अजून एकदा बघतो. नाही जमलं तर समोरच्या दातांच्या केसेस मी नागपूरला पाठवत जाईन."

माझ्या फोनचा आवाज मोठा आहे. देवराव काका चार हातांवर त्यांच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी हातातला ब्रश पाण्यात बुडवला, पुसला आणि खाली ठेवला.

वर्ध्यात माझी डेंटल लॅब आहे. लोकांना वाटतं कॅप डॉक्टरच करतात. डॉक्टर दात घासून तयार करतात, माप घेतात आणि ते माप आमच्याकडे येतं. मी ते स्कॅन करून लॅपटॉपवर कॅपचं डिझाइन करते. फाइल नागपूरला जाते, तिथल्या मशीनवर कॅपचं पांढरं कडक कवच कापलं जातं आणि पार्सलने परत येतं. त्यावर काका पोर्सिलेनची पावडर ब्रशने थरावर थर चढवतात आणि भट्टीत भाजतात. आकार माझा, रंग काकांचा. दाढ थोडी इकडेतिकडे झाली तर कोणी तोंडात डोकावत नाही. समोरचा दात मात्र माणूस बोलायच्या आधी दिसतो.

ही पेशंट एसटीत कंडक्टर होती. घरच्या पायरीवर पडून तिचा समोरचा दात तुटला होता. दिवसभर लोकांशी बोलायचं काम, आणि बाई तोंडावर रुमाल धरून तिकिटं देत होती.

आता काकांबद्दल. मला हे काम काकांनी शिकवलं. वीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला लागले तेव्हा ते तिथले मुख्य कारागीर होते. मी स्वतःची लॅब काढली, तेव्हा ते "पोरगी एकटी आहे" म्हणून माझ्याकडे आले. रोज केळझरहून बसने येतात. पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा त्यांना झोपेतही ओळखता येतील, असं मी लोकांना सांगत असे. तीच मी, त्या दिवशी फोन ठेवल्यावर काय म्हणाले? "काका, एकदा डोळे दाखवून या ना."

अजून आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

काका दुसऱ्याच दिवशी डोळे तपासून आले. कागद माझ्या टेबलावर ठेवला. नजर ठीक, चष्म्याचा नंबरही तोच. मला हायसं वाटलं, त्यांना नाही.

"कागद काय म्हन्ते ते जाऊ दे," ते म्हणाले. "दोनदा दात वापस आला. तीस वर्सात असं नाई झालं. आता थांबतो मी, सुनंदा. तू नवीन मानूस पाह्य."

आणि ते खरोखर ब्रश आवरायला लागले. एकेक ब्रश धुऊन, टोक जुळवून डबीत ठेवत होते. वेळ काढायला म्हणून मी म्हटलं, "जायच्या आधी त्या बाईचा फोटो तरी एकदा परत बघू."

पूर्वी पेशंट स्वतः लॅबमध्ये यायचे. गावच केवढं? डॉक्टर सांगायचे, अमक्या दुकानाच्या वर जा. काका त्यांना व्हरांड्यात उजेडात उभं करायचे, ओठ वर करायला सांगायचे आणि शेड गाइड लावून बघायचे. शेड गाइड म्हणजे सोळा नकली दातांची पट्टी, प्रत्येकावर A1, A2 असं छटेचं नाव लिहिलेलं. गेल्या हिवाळ्यात मी स्कॅनर घेतला आणि तेव्हापासून डॉक्टर फोटो पाठवायला लागले. पेशंटचा फेरा वाचला. सगळे खूश. फोटो बघायचा तो माझ्या लॅपटॉपवर, आणि तो लॅपटॉप होता माझ्या मुलीचा कॉलेजचा जुना, सगळ्यात स्वस्तातला. स्कॅनरवर मनसोक्त खर्च केला आणि लॅपटॉपच्या बाबतीत मी चिक्कूपणा केला.

फोटो उघडला. काका नेहमीप्रमाणे माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"कसा वाटतो शेजारचा दात?" मी विचारलं.

"पांढरट. A1 च्या जवळ."

"काका, चांगला पिवळसर आहे."

"मले तं पांढराच दिसून राह्यला. म्हनून तं म्हन्तो, डोये गेले."

मी शेड गाइड घ्यायला उठले. उठता उठता नजर स्क्रीनवर होती आणि माझ्या डोळ्यांदेखत दात पांढरा झाला. मी परत बसले. दात पिवळा. उठले. पांढरा. अशा मी चार-पाच उठाबशा काढल्या.

"काऊन वं? काय झालं?" काका घाबरले.

"काका, तुम्ही खुर्चीत बसा."

"तुह्या खुर्चीत?"

"बसा म्हणते ना!"

ते बसले. स्क्रीनकडे पाहिलं. पुढे वाकले. "अरे बाप्पा," एवढंच म्हणाले.

स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीनचं असं असतं. अगदी समोरून पाहिलं तर रंग बरा, वरून पाहिलं तर फिक्कट. स्क्रीन माझ्या उंचीला लावलेली, मी बसून बघणार. काका सगळे महिने मागे उभे राहून बघत होते. तोवर आलेल्या बहुतेक दाढाच होत्या, म्हणून फरक खपून गेला. या बाईचा पहिला दात त्यांनी त्यांना दिसला तसा केला, पांढरा. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, अजून पिवळा करा. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून अंदाजाने केला, तो जास्तच पिवळा झाला. डोळे दोघांचेही शाबूत होते. आणि इतक्या महिन्यांत मी त्यांना कधी बसायला सांगितलं नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. "चूक काकांची नाही, माझ्या लॅपटॉपची आहे. आठ दिवस द्या."

"लॅपटॉपची?" ते म्हणाले. "ठीक आहे. पण ही शेवटची."

काका तोवर ब्रश डबीतून काढायला तयार नव्हते. "आधी लॅपटॉप येऊ दे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. मी पेन ड्राइव्हमध्ये आमची सगळ्यात जड स्कॅन फाइल आणि शेड गाइडचा उन्हात काढलेला फोटो घेतला होता. काकांनी शर्टाच्या खिशात काय घेतलं होतं ते मला माहीत नव्हतं.

दुकानदार उत्साही तरुण होता. मधल्या भावातला हवा म्हटल्यावर त्याने तीन लॅपटॉप मांडले. पहिला गेमिंगचा, काळा, कीबोर्डमधून लाल दिवे. दुसरा पातळ, देखणा, ओएलईडी स्क्रीनचा. तिसरा राखाडी, काहीसा जाड, ज्याच्याबद्दल तो स्वतःही फारसं बोलला नाही.

"मॅडम, हा गेमिंगवाला एकच नंबर आहे. डिझाइनिंगसाठी रॉकेट!"

"एसी बंद करता का?" मी म्हटलं.

"काय?"

"आमच्या लॅबमध्ये एसी नाही. भट्टी आहे, नऊशे डिग्रीची. कूलर आहे, पण काका पावडर लावताना तोही बंद असतो, नाहीतर पावडर उडते. तुमच्या थंड हवेत सगळेच लॅपटॉप शहाण्यासारखे वागतील."

बाहेर मे महिना तापला होता. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. शेवटी तडजोड झाली: तिन्ही लॅपटॉप दाराजवळच्या टेबलावर, दार उघडं, तिकडचा पंखा बंद. तिन्हींवर आमची फाइल चालू केली आणि अर्धा तास वाट बघितली.

हे का? लॅपटॉप तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. उन्हात काम करणाऱ्या माणसाचा हात दुपारी आपोआप मंदावतो, तसंच. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांचा वेग हा लॅपटॉपचा खरा वेग नाही.

पातळ लॅपटॉप पंधरा मिनिटांत ढेपाळला. मॉडेल फिरवायला गेलं की अडखळायला लागला. गेमिंगवाला शेवटपर्यंत धावला, पण फॅनचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा, आणि बाजूच्या जाळीतून गरम झोत. राखाडी थोडा हळू, पण जसा सुरू झाला तसाच चालत राहिला.

तेवढ्यात काकांनी खिशातून मेणाची कांडी काढली. आमच्या कामात मेण लागतंच, टेबलावर नेहमी पडलेलं असतं. त्यांनी तिचा तुकडा गेमिंगवाल्याच्या जाळीसमोर धरला. दोन मिनिटांत तो वाकला.

"हा आपल्या टेबलावर ठिवला तं समदं काम वितळवते," ते शांतपणे म्हणाले.

मग त्यांनी दुसऱ्या खिशातून शेड गाइड काढली. दुकानदार मागे सरकला. शेजारची गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अगंबाई, दात!"

काकांना त्याचं काही नाही. दारातल्या उजेडात ते प्रत्येक स्क्रीनशेजारी खरी पट्टी धरत होते आणि स्क्रीनवरच्या फोटोशी ताडून बघत होते. आधी बसून, मग उभं राहून. मी म्हटलं, "उभ्यानेही रंग तोच दिसतो का?" ते म्हणाले, "हो, हे तिन्ही नाई बदलत. पन तिघायचे रंग येगये हायेत."

गेमिंगवाल्यासमोर त्यांनी मान हलवली. "A2 अन् A3 इथं एकच दिसते. याले फरक समजतच नाई."

दुकानदाराने खोक्यावरचा कागद वाचला आणि कान खाजवला. "हां, याचा एनटीएससी पंचेचाळीस टक्केच आहे."

म्हणजे ती स्क्रीन नेहमीच्या फोटोतले सगळे रंग दाखवूच शकत नव्हती. फोटोंचं किंवा कापडाच्या रंगांचं काम करणाऱ्यांनी 'शंभर टक्के एसआरजीबी' असं लिहिलेलं शोधायचं असतं. काकांना कागद वाचता आला नसता, इंग्रजीत होता. त्यांना ते डोळ्यांनी आधीच कळलं होतं.

पातळ लॅपटॉपच्या ओएलईडीला ते हसले. "हा भारी हाये, पन लग्नातल्या फोटोवानी. दाताले बी मेकअप केला यानं."

"काका, सेटिंगमध्ये रंग कमी करता येतात," दुकानदार म्हणाला. ते खरंही होतं. पण तो गरमीत आधीच नापास झाला होता.

राखाडीसमोर काका सगळ्यात जास्त वेळ बसले. सोळाही दात एकेक करून लावून बघितले. शेवटी पट्टी खिशात टाकली.

"हा खोटं नाई बोलत."

दुकानदाराने शेवटचा प्रयत्न केला. "मॅडम, पण स्पीड? गेमिंगवाला पाच मिनिटं आधी काम संपवेल."

"तेवढ्यात आमचा चहा होतो," मी म्हटलं.

खोकं रिक्षात ठेवताना मी काकांच्या तोंडाकडे बघितलं. दुकानातल्या त्या अर्ध्या तासात त्यांना कोणी डोळ्यांबद्दल काही सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच कळलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. घरी जाताना मी लॅबसाठी फिरती खुर्चीही घेतली, दुसरी.

डॉक्टरांना नवा फोटो मागितला, दिवसाच्या उजेडात, दाताला खेटून शेड गाइड धरलेला. म्हणजे स्क्रीन थोडी चुकली तरी दोन्ही सारखेच चुकतील. काका नव्या खुर्चीत बसले, तासभर फोटो मोठा करून बघत राहिले. मग उठले आणि डबीतले ब्रश काढून पाण्यात घातले. तिसरा दात परत आला नाही.

महिन्याभराने ती कंडक्टर बाई लॅबमध्ये आली. कारंज्याच्या फेरीवरून येताना आंबे घेऊन. रुमाल नव्हता. तिला काकांना भेटायचं होतं. मी तिच्या दोन समोरच्या दातांचा जवळून फोटो काढला, व्हरांड्यात.

त्याच आठवड्यात डॉक्टर कामानिमित्त आले. काका त्यांच्या खुर्चीत बसले होते. मी फोटो लॅपटॉपवर उघडून दाखवला. नुसते दोन दात, बाकी काही नाही.

डॉक्टर वाकून बघत राहिले. चोख माणूस, काहीतरी सापडणारच.

"छान झालाय, ताई. मानलं." मग डावीकडच्या दातावर बोट ठेवलं. "पण खरं सांगायचं तर हा अजून किंचित पिवळट राहिला. काका, पुढच्या वेळी एवढं सांभाळा."

काकांनी खुर्ची थोडी वळवली.

"डॉक्टरसाहेब, तो बाईचा सोताचा होय. आपला बाजूचा."

डॉक्टरांनी परत फोटो बघितला, मग काकांकडे, आणि मोठ्याने हसले. त्यानंतर समोरच्या दातांची त्यांची एकही केस नागपूरला गेलेली नाही.

लॅपटॉप कोणता घ्यावा, असं लोक आता मला विचारतात. मी सांगते: तुमचं सगळ्यात जड काम सोबत न्या, एसी बंद करायला लावा, अर्धा तास थांबा, आणि स्क्रीन बसूनही बघा, उभ्यानेही बघा. आणि एखादा माणूस तुमच्या मागे उभा राहून काम करत असेल, तर लॅपटॉपच्या आधी त्याच्यासाठी खुर्ची घ्या.