मामीचे मधले दिवस

"ही मांजर काढ आधी."

"मांजर राहणार."

"अगं, पण काटा बघ! कुठं चाललाय!"

"मांजरीला वजनच नाही. तुमच्या आईंच्या कुकरच्या रिंगा काढा."

"रबरी रिंगांना कुठलं आलंय वजन?"

"मग केसांना कुठून आलं?"

मामा बाथरूममधून खोलीत आणलेल्या वजनकाट्यावर बॅग कवटाळून उभा होता. आमच्याकडे बॅग अशीच मोजतात. आधी बॅगेसकट उभं राहायचं, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी माझ्याकडे. मामाचं स्वतःचं वजन दर खेपेला वेगळं भरायचं आणि शिव्या मात्र बॅगेला बसायच्या.

मांजर म्हणजे माइकवर चढवायचं राखाडी, केसाळ आवरण. वाऱ्याचा घोंघाट ते अडवतं. मामीने ते पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मामाने अंधारात त्याच्यावर चप्पल उगारली होती. तेव्हापासून त्याचं नाव मांजर.

"काकणभर जास्तच आहे," मी म्हणाले.

"ऐकलंस? भाची सांगतेय. बाबांच्या गुडघ्याचं तेल काढू? आईचे अभ्रे काढू? धाकट्याच्या पोरांची पुस्तकं काढू? सांग ना, कुणाचं काढू?"

 मामी पलंगाच्या कडेवर टेकली. अजून ड्युटीची साडीही बदलली नव्हती तिने.

मामी हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर बसते. दिवसभरात लोक तिला नाना प्रश्न विचारतात आणि तिच्या मते ते सगळे मिळून एकच प्रश्न असतो: माझं माणूस कुठंय? मामी सांगते. दुसरा मजला, डावीकडे, निळी रेघ धरून जा. हुंदके देणाऱ्यालाही तेच आणि टेबल बडवणाऱ्यालाही तेच, त्याच आवाजात. या काउंटरच्या आवाजाचा मामाला धसका आहे. घरात तो आवाज लागला की समजायचं, मामी भयंकर चिडली आहे.

मामा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं आणि पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा, यात त्याची हयात गेली. स्वभावाने लोण्यासारखा माणूस. पण तुम्ही गाडी कुठंही न्या, ब्रेक त्याच्या पायाखाली.

मामीच्या घरी टीव्ही मुका असतो. चित्रं हलतात, माणसं तावातावाने तोंडं उघडतात, आवाज मात्र नाही. "कान किटलेत गं," ती म्हणते. अशी बाई आवाज गोळा करत हिंडेल असं कुणाला वाटलं असतं? पण माणूस नसलेले आवाज तिला लागतात. गच्चीवरची टाकी भरत येते तेव्हाचं गुरगुरणं, बंद पडलेल्या लिफ्टच्या विहिरीतला वारा. मी बसवलेल्या एका नाटकात नायिका रिकाम्या घरात शिरते तेव्हा प्रेक्षकांच्या अंगावर काटा यायचा. तो आवाज मामीचा होता. चादरी बाहेर काढल्यावर उघड्या राहिलेल्या लॉन्ड्रीच्या यंत्राचा.

हे खूळ लागलं परदेशात. परदेश म्हणजे मामीच्या लेखी धाकट्या दिराचं स्वयंपाकघर. आजी-आजोबा, म्हणजे तिचे सासू-सासरे, त्याच्याकडे राहायला गेले आणि तेव्हापासून मामीची एकूण एक मोठी रजा तिकडे गेली. लोक विचारायचे, काय काय पाहिलं? ती म्हणायची, सिंक पाहिलं, फ्रीज पाहिला, त्यांच्याकडचा ओटा जरा उंच आहे. "रजा कसली, बदली होते माझी."

मागच्या हिवाळ्यात तिथेच ती कचरा टाकायला मागच्या गल्लीत गेली. पलीकडे एक डबकंवजा तळं होतं, वरून गोठलेलं. एकाएकी त्या बर्फातून आवाज आला. तंग तार कुणीतरी छेडावी आणि तिचा नाद पार दुसऱ्या टोकाला जाऊन विरावा, तसा. मामी हातात रिकामी बादली घेऊन उभी राहिली. पायाची बोटं बधिर झाली तरी हलली नाही. घरात आली तर सगळे दारात. अगं होतीस कुठे, चहाचं पार गार पाणी झालं! दुसऱ्या दिवशी तिने फोनवर तो आवाज धरायचा प्रयत्न केला. मिळाला तो स्वतःचा श्वास आणि कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न.

परत आल्यावर तिने एका निवृत्त रेडिओवाल्याकडून जुना रेकॉर्डर घेतला. त्याने तिला एकच गोष्ट बजावली. "बाई, बरोबर कुणाला नेऊ नका. बोलणाऱ्याला तर नाहीच, पण न बोलणाऱ्यालाही नाही. माणूस गप्प बसला तरी त्याचं जॅकेट बोलतं."

मग मामीने एक मोठं तळं हुडकलं. दिराच्या गावापासून आगगाडीने जायचं, काठाला एकच खोली, हिवाळ्यात माणूस नाही काणूस नाही. खोलीवाल्याने उलट विचारलं होतं, लोक उन्हाळ्यात येतात, तुम्ही आता कशाला? सहलीचे सुरुवातीचे दिवस सासरी, शेवटचे दिवस सासरी, आणि मधले दिवस तिचे. मधले दिवस! वर्षभर हा शब्द ती गोळीसारखा जिभेखाली ठेवून होती. त्यांच्यासाठी तिने इतरांच्या रविवारच्या ड्युट्या ओढल्या. ते ठरल्यावर मामानेही मान डोलावली होती.

मामा बॅग खाली ठेवून उतरला. "तसंही मांजर लागणार नाही तुला."

"का?"

"नाही म्हणजे, वारा लागणारच नाही. व्हरांड्याला काच आहे."

"कसला व्हरांडा? खोली आहे ती. एक खोली."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी वजाबाकीत डोकं घातलं.

"होती," मामा म्हणाला.

"होती म्हणजे?"

"अगं, तिथे पोचल्यावर सांगणार होतो. मजा म्हणून! आईला मी फोनवर सहज बोललो, तुझं ते बर्फाचं वेड. तर ती रडायलाच लागली. म्हणाली, पोरगी इतकी वर्षं येते, राबते आणि जाते, तिला काय आवडतं ते आपण कधी विचारलं नाही. म्हटलं, मग चला की सगळे! ती खोली सोडून दिली. समोरच्या काठाला मोठं घर भाड्याने घेतलंय. गरम आहे. रस्ता अगदी दाराशी, बाबांना चालायला नको. स्वयंपाकघर तर असं ऐसपैस..."

"स्वयंपाकघर ऐसपैस आहे," मामी म्हणाली. काउंटरचा आवाज.

"तो आवाज लावू नकोस हं."

"एकूण किती जण?"

"आपण दोघं, आई-बाबा, धाकट्याचं बिऱ्हाड. घरचेच गं!"

"मी एकटी जाणार होते."

"अगं, पण एकटीने कसली आलीय मजा? आणि तुला त्या बर्फावर एकटं सोडून मला इकडे घास उतरला असता का?"

"तुम्ही हो म्हणाला होतात."

"आताही होच म्हणतोय! नाही कुठं म्हटलं? जास्तच केलं ना मी? कमी केलं का?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला भांडायला धड जागा सापडेना. मामाच्या चेहऱ्यावर, वाढदिवसाचा केक घेऊन चुकीच्या घरात शिरलेल्या माणसाचा भाव होता.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग आजीचं कपाळ, मग आजी. डोक्याला नवी कोरी लोकरी टोपी.

"सांगितलंस का रे तिला? गधड्या, सांगितलंस वाटतं! तिचं तोंडच सांगतंय. अगं, ही टोपी बघ. तळ्यासाठी घेतली. ह्यांनाही घेतली, पण ह्यांचं डोकं मोठं."

"ऐकू येतंय मला," मागून आजोबा.

"तुम्हाला हवं तेवढं बरोबर येतं ऐकू! हे बघ सूनबाई, आम्ही अगदी गप्प बसणार. चकार शब्द काढणार नाही. हे मधूनमधून खोकतील, तेवढं मात्र चालवून घे."

मामीने डोळे क्षणभर मिटले. "बाबांचा गुडघा कसा आहे, आई?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय! अगं, इथे आल्यापासून मी दवाखाना आणि दुकान सोडून काही पाहिलं नाही. धाकटा सकाळी जातो तो रात्री उगवतो. भिंतीशी तरी किती बोलायचं? तुझ्यामुळे निदान तळं बघेन. तूच शिकव मला, काय ऐकायचं असतं ते. तुला आवडलं ना गं?"

मामीचे ओठ हलले. मामाने मध्येच तोंड घातलं. "आवडलं म्हणजे काय! बोलतीच बंद झालीय तिची."

आजी खदखदून हसली. टोपी डोळ्यांवर आली, फोन पुन्हा छताकडे वळला आणि बंद झाला.

 मुक्या टीव्हीवर एक बाई भाजी चिरत होती.

"आता तरी हस," मामा म्हणाला.

मामी उठली. बॅगेची चेन तिने पूर्ण उघडली. अभ्रे बाजूला केले, तेलाची बाटली सरळ उभी केली, कुकरच्या रिंगा नीट आत सारल्या. मग तळाशी हात घालून रेकॉर्डर आणि माइक काढला. माइकची तिपाई काढली. हेडफोन काढले. शेवटी मांजर. चेन लावली.

मामाने बॅग उचलली आणि सवयीने काट्यावर चढला. "बसलं! बघ, बरोब्बर बसलं वजनात!" मग त्याने मामीकडे पाहिलं आणि बॅग हळूच खाली ठेवली. "अगं, असं नको ना करू. वाटलं तर मी त्या खोलीवाल्याशी पुन्हा बोलतो. अजून रिकामीच असेल, त्या थंडीत कोण मरायला जातंय तिथे? फक्त आईला तेवढं तू सांग. मला नाही जमायचं. टोपी बघितलीस ना तिची?"

मामीने तारा जोडल्या. माइकवर मांजर चढवली, तिचे केस हाताने खालच्या बाजूला सारखे केले.

"सांगशील का? की सगळेच जाऊ या? की तुला यायचंच नाही? काहीतरी एक बोल. सांगशील आईला?"

रेकॉर्डरचा लाल दिवा लागला. मामीने हेडफोन कानांवर चढवले, चपला पायात सरकवल्या आणि मांजर पुढे धरून ती एकटीच गच्चीवर जायला बाहेर पडली. दार तिने आवाज न करता ओढून घेतलं.