रमजानातली वेगळी प्लेट

मेधाताईंनी चमचा खाली ठेवला आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, "मला वेगळी प्लेट मिळेल का? पोट जरा बरं नाहीये."

तोवर त्या आमच्याच ताटातून जेवत होत्या. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधलं एका सिरियन कुटुंबाचं घर, उन्हाळ्यातला रमजान, नुकताच रोजा सुटलेला. जमिनीवर कापड अंथरलेलं. मधोमध मसूर घातलेल्या भाताचं एकच मोठं ताट, वर तळलेला कांदा. प्रत्येकाने आपापल्या बाजूने खायचं, ही त्या घरची रीत. मेधाताई शाकाहारी, म्हणून मुद्दाम बिनमटणाचा बेत. मुसलमानाच्या ताटात जेवायला त्यांची काही हरकत नव्हती. "किती ऑथेंटिक!" म्हणून फोटोही काढला होता. मग माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "आडनाव काय गं तुझं? क्लासमध्ये सगळे नुसती नावंच घेतात."

मी सांगितलं.

"अच्छा. म्हणजे तुम्ही..."

"बौद्ध."

"अच्छा, अच्छा. अर्थात, मी काही मानत नाही हं तसलं."

आणि त्यांचं पोट बिघडलं. वेगळी प्लेट आली. पातेल्यातला भात त्या बिघडलेल्या पोटाने दोनदा वाढून घेतला. वर दही.

मी इथे पाण्यावर संशोधन करते. पुढचं काम जॉर्डनमध्ये होतं, म्हणून अरबीचा क्लास लावला. बोलायची सवय व्हावी म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी या कुटुंबात राहायची सोय करून दिली. घरात खाला (घरच्या बाईंना मी अरबीत मावशी म्हणायचे, ती खाला), त्यांचे मिस्टर आणि दोन मुली. मेधाताई त्याच क्लासमध्ये. मूळच्या पुण्याच्या, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, दुबईला बदली व्हायची होती. मीच खालांना विचारून त्यांना जेवायला बोलावलं होतं. चार शब्द मराठीत बोलायला मिळतील म्हणून.

राग आला असं लिहायला आवडलं असतं. नाही आला. काहीच आलं नाही. खाली बघून जेवत राहिले. माझ्या आजीला लोक वरून ओंजळीत पाणी घालायचे, हे आईने सांगितलेलं. मला ते फार जुनं वाटायचं. माझ्या वाट्याला पदवी, स्कॉलरशिप, विमान. मी समजत होते, सुटलो.

दुसऱ्या संध्याकाळी माझ्यासमोर वेगळी प्लेट. निळ्या नक्षीची, पाहुण्यांसाठी ठेवलेली.

खाला अर्ध्या जर्मनमध्ये, अर्ध्या अरबीत म्हणाल्या, "तुझ्या मैत्रिणीने जाताना सांगितलं. तुमच्याकडे एका ताटात जेवत नाहीत. तू लाजून बोलली नाहीस. मला माफ कर, हबीबती."

माया होती त्यात. खरंच होती. म्हणूनच मी 'शुक्रन' म्हणाले आणि त्या प्लेटमध्ये जेवले. पुढचे कित्येक दिवस जेवले. सकाळी इन्स्टिट्यूटला जायचं, पाण्याचे नमुने तपासायचे, संध्याकाळी येऊन आपल्या प्लेटपुढे बसायचं. समोर ते चौघं एका ताटाभोवती. कुणी विचारलं, कशी आहेस, तर बरी आहे म्हणायचे. तेही खोटं नव्हतं. दुखतच नव्हतं काही.

धाकटी सल्मा सहा वर्षांची. एकदा तिने गरम पाव फाडला आणि अर्धा माझ्या प्लेटमध्ये ठेवायला हात पुढे केला. खालांनी तो झटकन मागे ओढला.

"नाही! तिच्या ताटाला हात नाही लावायचा. त्यांच्या धर्मात चालत नाही."

सल्माने तो हात फ्रॉकला पुसला. माझ्याकडे जरा घाबरून बघितलं.

तेव्हा राग आला. इतक्या दिवसांचा, एकदम. एका पोरीला जे ठाऊकही नव्हतं, ते ती शिकली होती. माझ्यासमोर. माझ्या धर्माच्या नावावर.

मी प्लेट उचलली आणि सगळा भात मधल्या ताटात ओतला.

"ही आमची रीत नाही," मी म्हणाले. "ही आमच्यावर लादलेली आहे."

जातीला अरबीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मग सरळच सांगितलं, "त्या तुमच्याबरोबर जेवत होत्या. माझ्याबरोबर जेवल्या नाहीत. मी ज्या घरात जन्मले त्यामुळे. पोट ठीक होतं त्यांचं."

खालांचे मिस्टर जेवायचे थांबले. खाला मग हळू आवाजात म्हणाल्या, "पण ईदला मी तिला बोलावलंय. पाहुणी आहे. घरी आलेल्या माणसाचा अपमान नको. तेवढा दिवस गप्प राहा."

"नाही," मी म्हणाले. "येऊ द्या त्यांना. वेगळी प्लेट मागितली तर द्या. पण का हवी, ते त्यांनी सल्मासमोर सांगायचं. पोटाचं नाव काढलं तर खरं काय ते मी तिथल्या तिथे सांगणार. त्यांना मराठीत, तुम्हाला अरबीत. आणि यापुढे मला कुणीही वेगळं वाढलं, मग ते कितीही मायेने असो, मी उपाशी उठेन. पण जाताना का उठले ते सांगून जाईन."