पंप नको म्हणणारा पंपवाला

गिऱ्हाईक ऑर्डर द्यायला दारात उभं असताना त्याला समजावून घरी पाठवणारा पंपविक्रेता अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच होता, आणि माझ्या नशिबाने तोच माझा सीनियर होता. माणगावच्या ऑफिसात मी सेल्स इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातले कॅटलॉग काढून घेतले आणि दगड बांधलेली सुतळी दिली. "आधी विहीर बघायची. पंप काय पळून जातोय?" सुतळीने पाणी मोजायचं, मग पोहरा ओढून, पाण्याचा खारेपणा कळावा म्हणून, चक्क चूळ भरायची. तोंडात पाणी धरून, डोळे मिटून असे उभे राहायचे की वाडीवाल्याला वाटावं, आता हे भोवळ येऊन पडणार! मग निकाल लागायचा, "जुनाच पंप उत्तम आहे. फक्त वायसर बदला." आणि वायसर तर आम्ही विकतही नव्हतो. दिघीच्या एका बर्फवाल्याला दोन नवे पंप हवे होते. यांनी बाह्या सरसावून त्याच्या जुन्या पंपाची तुंबलेली जाळी साफ करून दिली. ऑर्डर गेली, डझनभर बांगडे मिळाले. तेही माझ्या हातात कोंबून म्हणाले, "घे, हे तुझं टार्गेट."

पुढे एका वादळात दिवेआगरच्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. नवी लागवड सुरू झाली आणि जो तो मोठा पंप मागायला लागला. मॅनेजर खूश. हे मात्र वाडीवाडीत सांगत सुटले, "समुद्र पाठीला आहे. जास्त उपसाल तर तो विहिरीत येईल." तिथल्या एका मावशींना तीन हॉर्सपॉवरचा हवा होता, यांनी एकचा लिहून दिला. मॅनेजरने यांनाच घरी बसवलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला, दोन ओळींच्या ईमेलवर! त्यांचा एरिया मला मिळाला.

आणि मी काय दिवे लावले? मावशींना तीनचा पंप विकला. विहिरीचं काय होणार हे पक्कं माहीत असताना विकला. ऑफिसात शाल घालून माझा सत्कार झाला. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा छाती फुगली.

दुसऱ्या उन्हाळ्यात मावशींचा फोन आला. "अवो इंजिनेर, डाळ शिजत न्हाय. पाणी खारं झालंय. रोपं करपली सगळी." मॅनेजर म्हणाला, "वॉरंटी पंपाची असते, पाण्याची नाही." शेवटी निर्लज्जासारखा मी सीनियरनाच फोन लावला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पंप आजच बंद करायला सांग. दोन पावसाळे जपलं तर गोडी येईल कदाचित. उद्या येतो."

एसटीने आले. घामाघूम होऊन त्यांनी स्वतः तो पंप वर काढला. त्यांची नोकरी गेल्याचं मावशींना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "कंपनीनं धाडलं काय तुमाला?"

"हो," ते म्हणाले. "यानेच हट्ट धरला, मावशींचा पंप काढायचा म्हणून."

गिऱ्हाइकाशी त्यांना खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, "भला हायस रं बाबा." तेव्हापासून दिवेआगरच्या रस्त्याला मी गाडी घालत नाही.