कच्च्या मुलांची यादी

आमच्या ब्लॉकमधला निशिकांत परचुरे कुणाला फुकटचा एक मार्क द्यायचा नाही. चाळीस म्हणजे चाळीस. मी चिडवायचे, "अरे, देवसुद्धा थोडं इकडेतिकडे करतो." तो म्हणायचा, "मीनलवहिनी, कच्चं आहे त्याला कच्चंच म्हणावं, तरच ते पक्कं करता येतं." सिंगापुरात सेंगकांगच्या ज्या शाळेत तो गणित शिकवायचा, तिथे कच्च्यांना तोटा नव्हता. ओ-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, निकालात ती शाळा दरवर्षी तळाला असायची.

२००५ साली ती एका खासगी मंडळाला चालवायला दिली. शाळा सरकारीच, फी तीच, पण शिक्षक ठेवायचे की काढायचे, कुणाला काय शिकवायचं, हे सगळं मंडळ ठरवणार. अट एकच: तीन वर्षांत निकाल सुधारला नाही तर शाळेला टाळं. भिंतींना रंग लागला, फाटकावर नवी पाटी आली. निशिकांत हरखून गेला. त्याची बायको नीता मला पालकसभेला घेऊन गेली होती. नवे संचालक तासभर गोड बोलले, नुसते टक्के सांगत होते. एकाही मुलाचं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही. मला ते तेव्हाच खटकलं.

मग त्यांनी निशिकांतला विचारलं, सेकंडरी थ्रीतली, म्हणजे नववीतली, गणितात बुडणारी मुलं कोणती? मदत करायची आहे.

आपल्याकडच्या मास्तरांची ही जुनी खोड. वरच्याने विचारलं की मुलाचं सगळं उणं कागदावर मांडायचं, कारण मांडलं की इलाज होतो अशी भाबडी श्रद्धा. शाळेतल्या बाकी शिक्षकांनी तीनचार नावं देऊन हात झटकले. हा पठ्ठ्या दोन आठवडे खपला. एकोणीस नावं, सगळ्यात कच्चं सगळ्यात वर, प्रत्येकापुढे कारण.

त्या एकोणीस जणांना त्याने दर शनिवारी सकाळी घरी शिकायला बोलावलं. नीता पोहे करायची. पहिल्या शनिवारी सतरा जण आले आणि पोह्यांतले शेंगदाणे आधी वेचून खाल्ले. दुसऱ्या शनिवारी नऊ. मग चार. मुलं आळशी असतात, असं तो मला म्हणाला.

यादीत सगळ्यात वर हस्लिंडाचं नाव होतं. तिची आई जवळच्या हॉकर सेंटरमध्ये नूडल्सचा स्टॉल चालवायची. हस्लिंडा एका शनिवारी त्याने दिलेली कंपासपेटी परत करायला आली.

"सर, ऑफिसात बोलावलं होतं. ओ-लेव्हलला बसू नको म्हणाले. आयटीईमध्ये जा, बेटर लाह."

आयटीई म्हणजे हाताला काम शिकवणारी संस्था. वाईट जागा नव्हे ती. पण हस्लिंडाला शिक्षिका व्हायचं होतं, आणि तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही माझं नाव मदतीसाठी दिलंत," ती म्हणाली.

त्यानंतर निशिकांत स्टॉलवर गेला की तिची आई पाठ फिरवून भांडी घासत बसायची.

पुढच्या वर्षी निकाल वीस टक्क्यांनी वर गेला. वर्तमानपत्रात कौतुक झालं, दुसऱ्या शाळांचे लोक बघायला यायला लागले. वर्गातल्या रिकाम्या खुर्च्या कॉरिडॉरमध्ये एकावर एक रचून ठेवल्या होत्या. पाहुणे त्यांना वळसा घालून जायचे. मंडळाला आणखी दोन शाळा मिळणार, असंही कानावर आलं. निशिकांत उतरत चालला होता.

"सोड ती नोकरी," मी म्हटलं.

"मी गेलो तर शनिवारी कोण शिकवणार?"

शनिवारी आता कुणीच येत नव्हतं. नीता तरी पोहे भिजवायची. मला त्या घराची भीती वाटायला लागली होती.

२००७ साली त्याची मुलगी मैत्रेयी सेकंडरी थ्रीत गेली, त्याच शाळेत. सहामाहीला गणितात एक्केचाळीस; पास व्हायला पन्नास लागायचे. पेपर त्यानेच तपासला होता. आठवड्याभरात संचालकांनी यादी मागितली.

तो कोरा कागद घेऊन गेला. "यंदा मी नावं देणार नाही," म्हणाला.

संचालक रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्याच्यासाठी चहा मागवला. "हरकत नाही, मिस्टर परचुरे. तुमची पद्धत इतकी चांगली होती की आम्ही ती कम्प्युटरवर घातली. आता मार्क भरले की यादी आपोआप निघते." आणि त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. सगळ्यात कच्चं सगळ्यात वर, प्रत्येकापुढे कारण. चौथं नाव मैत्रेयीचं होतं.

हे तो मला तीन दिवसांनी खाली टपालपेट्यांपाशी सांगत होता. घरात अजून बोलला नव्हता. तेवढ्यात मैत्रेयी शाळेतून आली, तिने त्यांची पेटी उघडली आणि शाळेचा लिफाफा बाहेर काढला. निशिकांतने हात पुढे केला, पण ती लिफाफा फोडायलाही लागली होती.

"बाबा, तुमच्या सॅटरडे क्लासचं असेल," ती म्हणाली. "मी येईन लाह. आईला सांगा, पोह्यांत शेंगदाणे जास्त घाल."