पाय बांधून खेळलेला फुटबॉल

शहापूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतला तरुण संघ माझ्या गळ्यात पडला तो मी शिक्षिका आहे म्हणून. आटगावच्या पुढे एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, आठवडाभर तुम्ही पोरं सांभाळताच. रविवारी संध्याकाळी अजून थोडी सांभाळा." शाळेतली पोरं सात-आठ वर्षांची आणि ही कॉलेजात जाणारी, गोदामात पॅकिंग करणारी, कुणी कंपनीत शिफ्टला जाणारी, एवढा फरक त्यांना महत्त्वाचा वाटला नाही. मलाही हो म्हणेपर्यंत वाटला नव्हता.

पहिल्या रविवारी मी बायबलमधला मेंढपाळाचा दाखला, म्हणजे बोधकथा, घ्यायचं ठरवलं. तक्ता रंगवून नेला, मेंढरांना कापूस चिकटवला. मुलं भिंतीला टेकून बसली होती. मान खाली, मांडीवर मोबाइल. मी बोलत राहिले. मधेच एकाने अगदी नम्रपणे विचारलं, "काकू, कधी सुटणार? मॅच आहे."

"क्रिकेटची का?"

"नाय काकू. फुटबॉलची."

मला वाटत होतं, आमच्याकडे पोरांना क्रिकेट सोडून काही सुचत नाही. निघाली सगळी फुटबॉलवाली. हायवेच्या बाजूला जाळ्या लावलेलं टर्फ झालं आहे, तिथे पैसे काढून खेळतात. मुलीसुद्धा बघतात, दोघी-तिघी खेळतात. त्या दिवशी मी दाखला अर्धाच आवरला आणि निघताना म्हटलं, "पुढच्या रविवारी बॉल घेऊन या."

फुटबॉलबद्दल मला एकच गोष्ट माहीत होती, बॉलला हात लावायचा नाही. बाकीचं शिकवायचा घाट यजमानांनी घातला. जेवायच्या टेबलावर वाट्या, चमचे आणि लिंबाची फोड मांडून त्यांनी मला ऑफसाइड समजावून सांगितलं. तीनदा. मला ते आजही कळलेलं नाही. पण वाट्या सरकवता सरकवता माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी येत होतं, आणि रविवारी मी ओढण्या घेऊन गेले.

चर्चच्या मागच्या अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवून गोल केला. खेळ साधा. एकाच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची. त्याने निवडलेला एक जण गोलाजवळ उभा राहून त्याला वाट सांगणार आणि बाकी सगळे ओरडून चुकीचं सांगणार. कॉलेजातल्या एका उंच पोराने सुरुवात केली. "डावीकडे, उजवीकडे, मागे वळ, थांब" असा गलका झाला आणि त्याने जोर लावून मारलेला बॉल थेट पाळकबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीत जाऊन बसला. पाळकबाई खिडकीतून म्हणाल्या, "आता ती कोण धुणार, ते ठरवून टाका." सगळे हसले. त्या हसण्यात मोबाइल भिंतीजवळ राहिले ते राहिलेच.

मग एक मुलगी पुढे आली. आसनगावच्या एका गोदामात पॅकिंगला जाणारी, कमी बोलणारी. वाट सांगायला तिने धाकट्या बहिणीला निवडलं. एवढ्या आरड्याओरड्यात ती शांतपणे पाऊल टाकत गेली आणि दोन खुर्च्यांच्या बरोबर मधून बॉल घातला.

"एवढ्यात बहिणीचा आवाज कसा ऐकू आला गं?" मी विचारलं.

ओढणी सोडत ती म्हणाली, "काकू, ती लहानपणापासून माझ्यावरच ओरडतेय. तो आवाज वळखायला काय लागतंय?"

तिथेच सगळे जमिनीवर बसले आणि मी गेल्या वेळचा दाखला पुरा केला. मेंढरं आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात, परक्याच्या मागे जात नाहीत. तक्ता घरीच होता. कापसाच्या मेंढरांची कुणाला आठवणही झाली नाही.

त्यानंतर रविवारची मीच वाट बघायला लागले. एकदा रेफरीशिवाय सामना खेळवला. ज्याच्याकडून चूक होईल त्याने स्वतःच हात वर करायचा, दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही. सुरुवातीला कुणाचाच हात वर होईना, जणू देवदूतच खेळत होते. शेवटी बरोबरीत असताना त्या उंच पोराने गोल मारला, त्याच्या बाजूची मुलं नाचायला लागली आणि हा आपला उभाच. मग म्हणाला, "हाताला लागला होता." त्याच्या टीमने त्याला शिव्या घातल्या आणि समोरच्या टीमने उचलून घेतलं. त्या दिवशी मला प्रामाणिकपणावर वेगळं बोलावं लागलं नाही.

हे सगळं पाळकसाहेब बघत होते. एक दिवस म्हणाले, "बाई, मुरबाडच्या तरुणांनाही बोलवू या. नाहीतर आपणच जाऊ तिकडे."

"बघू," मी म्हटलं. त्याला कारण होतं.

लग्न होऊन मी नगर जिल्ह्यातून शहापूरला आले, तेव्हा इथे माझं कुणी नव्हतं. मंडळीतल्या एका ताईंनी मला जवळ केलं. वयाने चार-पाच वर्षांनी मोठ्या. ज्वारीची भाकरी थापणाऱ्या माझ्या हाताला तांदळाच्या उकडीची भाकरी त्यांनी शिकवली, सुकट कसं भाजायचं ते शिकवलं आणि गायनमंडळात आपल्या शेजारी उभं केलं. पुढे त्यांच्या यजमानांची नोकरी मुरबाडच्या एमआयडीसीत लागली आणि त्या तिकडे राहायला गेल्या, तरी दर रविवारी उपासनेला शहापूरला येत. मुरबाडची आणखीही कुटुंबं येत. मग त्यांनी ठरवलं की मुरबाडलाच उपासना सुरू करायची. लहान मुलं घेऊन किती दिवस एवढा प्रवास करणार? गोष्ट सरळ होती. पण ज्या सभेत ती ठरली, तिथे माणसं सरळ बोलली नाहीत. "तुम्हाला वेगळंच व्हायचं होतं," इकडचे म्हणाले. "तुम्हाला आम्ही कधी आपले वाटलोच नाही," तिकडचे म्हणाले. ताई त्या बाजूला बसल्या होत्या, मी या बाजूला. आम्ही दोघी काही बोललो नाही, आणि ते न बोलणंच पुढे वर्षानुवर्षं लांबत गेलं. लग्नात, मातीला भेट व्हायची. आमच्यात नमस्काराच्या जागी असतो तो सलाम व्हायचा. तेवढंच.

मी मुलांना विचारलं, मुरबाडच्या मुलांना बोलवायचं का? मनात म्हटलं, यांनाही अवघड जाईल. तर ती पॅकिंगवाली मुलगी म्हणाली, "काकू, आमचा ग्रुप आहे की त्यांच्याबरोबर. कधीपासून." भांडण आमच्या पिढीचं होतं. ते पुढे कुणी घेतलंच नव्हतं.

भात कापून झालं होतं आणि नाताळच्या गाण्यांच्या फेऱ्या अजून सुरू व्हायच्या होत्या, तेव्हाचा एक रविवार ठरला. टेम्पो केला. किन्हवली, सरळगाव करत मुलं गाणी म्हणत गेली. मुरबाडच्या मंडळीचा भाड्याचा हॉल गावाच्या कडेला आहे. दारात ताई चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. केस बरेच पांढरे झालेले.

"सलाम."

"सलाम. चहा घ्या."

मला त्या कायम "घे गं" म्हणायच्या. तो "घ्या" मी चहाबरोबर गिळला.

खेळायला शेजारच्या शेतकरीदादांनी आपलं कापणी झालेलं शेत दिलं होतं. वाल पेरायला अजून चार-आठ दिवस आहेत, म्हणाले, तवर खेळा. ते स्वतः बांधावर विळा घेऊन बसले होते, गवत कापायच्या निमित्ताने. मी त्या दिवसासाठी तीन पायांचा फुटबॉल काढला होता. दोघांनी शेजारी उभं राहायचं, एकाचा उजवा आणि दुसऱ्याचा डावा पाय एकत्र बांधायचा आणि तसंच पळायचं. प्रत्येक जोडीत एक शहापूरचा, एक मुरबाडचा. दुसऱ्याचं ओझं आपणही उचलावं, यावर मी छान भाषण तयार करून आणलं होतं.

जोड्या लागल्या, तर एका टीममध्ये एक जोडी कमी. आमची पॅकिंगवाली मुलगी इकडेतिकडे बघत म्हणाली, "काकू, तुमी आणि या मावशी."

"मी कुठे आता," मी म्हटलं.

"माझे गुडघे दुखतात," ताई म्हणाल्या.

पण तिने तोवर आमच्या पायांना ओढणी गुंडाळलीही होती. दिवसभर खोकी बांधणारा हात. मारलेली गाठ हलेना.

शिट्टी झाली. मी मोकळा पाय पुढे टाकला, ताईंनी बांधलेला, आणि आम्ही दोघी धसकटांत आडव्या झालो. माझं डोकं त्यांच्या खांद्यावर आपटलं.

"अगं, बांधलेला पाय आधी!" ताई ओरडल्या. "ऐकशील का कधी माझं?"

त्या हे बोलल्या आणि स्वतःच थबकल्या. मला हसू फुटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्याही हसायला लागल्या. उठता येईना. एक उठली की दुसरी खाली. बांधावरून शेतकरीदादा म्हणाले, "बाई, आमचे बैलपन असं नाय करत."

शेवटी एकमेकींच्या कमरेला धरून उभ्या राहिलो. ताईंनी ठेका धरला, "बांधलेला, मोकळा, बांधलेला, मोकळा." गायनमंडळात त्या अशाच ताल धरायच्या. चालायला जमलं, मग हळूहळू पळायलाही. मध्यंतरात सगळ्यांना पाणी दिलं, आम्ही बांधालगत बसून दम खाल्ला आणि परत सुरू झालो. थोड्या वेळाने बॉल नेमका आमच्यापुढे आला. समोर गोल, त्यात उभी असलेली जोडी. ती दोघं दोन दिशांना धावली आणि जागच्या जागी पडली. "बांधलेला!" ताई म्हणाल्या आणि आम्ही त्या जोड पायाने बॉल आत ढकलला.

आम्ही दोघींनी हात वर केले. समोरची टीम आनंदाने उड्या मारायला लागली, आमची टीम डोक्याला हात लावून बसली.

मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं.

त्या गोलाने सगळ्या शेताला जे हसू लोटलं, ते काही केल्या थांबेना. मुलं गडबडा लोळत होती. आम्हाला बांधावर बसवून पोरं पुढे खेळायला लागली. गाठ मी सोडवून बघितली, ताईंनी बघितली, सुटली नाही. तशाच बसलो, पायाला पाय बांधून.

अंगाला चिकटलेला भुसा झटकत ताई म्हणाल्या, "त्या सभेत वाटलं होतं, तू एकदा तरी माझ्याकडे बघशील."

"मी बघत होते," मी म्हटलं. "तुम्हीच खाली बघत होतात."

त्यांनी खेळाकडे बघत मान हलवली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "म्हातारी झालीस गं."

"तुम्ही कुठल्या तरुण राहिलात?"

शेतकरीदादा विळा घेऊन आले. "हलू नका," म्हणाले आणि एका झटक्यात ओढणी कापली. पाय मोकळे झाले, तरी आम्ही लगेच उठलो नाही.

जेवणाआधी सगळे आंब्याखाली बसले. मी भाषणाचे कागद काढले आणि आधी सहज विचारलं, आज काय शिकलात? मुरबाडचा एक दांडगा तरुण, कंपनीत मशीनवर काम करणारा, म्हणाला, "आपल्याच जोरावर पळलं का पडतो. दुसरा कसा चालतो ते बघितलं का नाय पडत." मी कागद परत पिशवीत ठेवले. मला जे दोन पानांत सांगायचं होतं ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं होतं. प्रार्थना ताईंनी केली, नेहमीसारखी लांब, आणि त्यात आमच्या दोन्ही गावांची नावं एकत्र घेतली. मग डाळ-भात, सुकटाची चटणी आणि त्यांच्या हातच्या भाकऱ्या.

आता एक महिना शहापूर, एक महिना मुरबाड असा आमचा क्रम बसला आहे. शेतात वाल उभे आहेत, म्हणून मुरबाडला शाळेच्या मैदानावर खेळतो. शेतकरीदादांनी एकदा विचारलं, "आमची पोरगी खेळली तर चालंल ना?" ती आता येते. आमची प्रार्थना चालते तेवढा वेळ कट्ट्यावर बसून बुटांच्या नाड्या घट्ट करते, आणि मग मैदानात कुणाला हार जात नाही.

खेळ आता ताईच शोधून काढतात. परवा मी स्वयंपाक करत असताना त्यांचा फोन आला. टीममधल्या प्रत्येकाच्या पायाला बॉल लागल्याशिवाय गोल धरायचा नाही, असा त्यांचा नवा नियम. मी म्हटलं, लक्षात कसं राहणार कुणाला लागला, कुणाला नाही? त्या म्हणाल्या, तू नको काळजी करू, ज्याला लागला नाही तो स्वतःच ओरडेल. यावर आम्ही इतका वाद घातला की माझा भात लागला.

रविवारी तो खेळ लावला. एका टीमचा बॉल गोलाच्या तोंडाशी पोहोचला, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "पाळकसाहेब राहिले!" ते त्यांच्याच टीममध्ये होते आणि फाटकाजवळ उभे राहून कुणाशी तरी फोनवर बोलत होते. सगळी टीम बॉल घेऊन उलटी त्यांच्याकडे धावत सुटली, दुसरी टीम त्यांना अडवायला मागोमाग. साहेबांनी वळून बघितलं, अंगावर येणारी ती सगळी तरुण मंडळी बघितली, फोनवर म्हणाले, "जरा थांबा हं," आणि चकचकीत पॉलिशच्या बुटाने बॉलला हलकेच पाय लावला.

ताईंनी शिट्टी वाजवली. "सगळे झाले, आता गोल धरणार!"