समुद्राकाठचे थांबे आणि माझी डबल बेल

टण!

गाडीच्या छपराखालची दोरी एकदा ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याशी अशी बेल वाजायची. एक बेल म्हणजे थांब. टण टण, म्हणजे डबल, की थांबू नकोस, चल पुढे. शीळफाट्यावरून जाणाऱ्या कल्याण-पनवेल गाडीवर मी तीस वर्षं कंडक्टर होतो. नोकरी सुटली, दोरी सुटली, पण बोटांची सवय काही सुटली नाही. त्या सवयीनं म्हातारपणी माझी जी फजिती केली, ती ऐकाच. चहा निवला तर दुसरा टाकू.

आमच्या घरात सगळ्यात कमी बोलणारा माणूस मी. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत आमची इंदू भाजी चिरून फोडणीला टाकते. ती, मी, मुलगा संदेश आणि सून रूपाली, असे आम्ही चौघं कोलशेतला अकराव्या मजल्यावर राहतो.

यंदा मुलांनी ठरवलं, आईबाबांना परदेश दाखवायचा. भाड्याची गाडी घ्यायची आणि भूमध्य समुद्राच्या कडेकडेनं फ्रान्समधून इटलीत जायचं. दहा दिवस!

इंदूनं एकच मागितलं. "मला बाकी काही नको गं. त्या समुद्रात पाय बुडवून घटकाभर बसायचं, बस."

गुडघे तिचे गेलेले. देवळाच्या चार पायऱ्याही माझा हात धरून चढते. मी मनाशी म्हटलं, काही झालं तरी हिचे पाय पाण्यात बुडलेच पाहिजेत.

रूपालीनं घरच्या ग्रुपवर चाळीसेक ठिकाणांचे फोटो टाकले. "बाबा, थांबे तुम्ही निवडायचे. आवडेल त्या फोटोवर बोट मारा."

किती वेळा मारायचं, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कंडक्टरनं थांबा कसा घ्यायचा ते सुनेला विचारायचं असतं होय?

बसलो बाल्कनीत. समोर खाडी, हातात मोबाइल. पहिला फोटो डोंगरावरच्या किल्ल्याचा. नुसत्या पायऱ्याच पायऱ्या! इंदूचे गुडघे आठवले. टण टण! फोटोखाली काहीतरी बारीक लाल उमटलं. लाल म्हणजे बंद. बरोबर! पुढे दीपगृह. आत गोल जिना असणार. टण टण! घंटाघर? टण टण!

मग आली सपाट वाळू. काठावर बाक, एक म्हातारा जाळं विणत बसलेला. वा! तिथे एकदाच, हळूच, टण. फोटो मोठा झाला. मी म्हटलं, थांबा पक्का.

मध्येच इंदूचा एक फोटो आला. रूपालीनं दुकानातून पाठवलेला. प्रवासासाठी पंजाबी ड्रेस, डोळ्यांवर काळा गॉगल. तोही निकालात काढला आणि पुढे गेलो.

दुसऱ्या दिवसापासून घरात काय जादू झाली म्हणता! इंदू माझ्या चपातीवर तूप जास्त सोडायला लागली. चहात आलं आलं. एकदा तर चक्क गुणगुणली. मी म्हटलं, परदेशाचा गुण.

संदेश माझ्यासाठी डोंगर चढायचे बूट घेऊन आला. "बाबा, छुपे रुस्तम निघालात तुम्ही!"

मी हसलो. काही कळलं नाही की मी हसतो. ही माझी आणखी एक वाईट सवय.

मग रूपालीचं फर्मान. "आजपासून लिफ्ट बंद. दोघांनी जिन्यानं यायचं. प्रॅक्टिस!"

सहाव्या मजल्यावर कुणाच्या तरी दाराशी इंदू धापा टाकत बसली.

"का गं जीव काढतेस?" मी म्हटलं.

"तुमची हौस ना? जन्मात पहिल्यांदा काही मागितलंत. चढेन मी."

मी? मी काय मागितलं?

रविवारी तर मुंब्र्याच्या देवीच्या पायऱ्या! अर्ध्या वाटेवर इंदू म्हणाली, "अहो, या वयात तुम्हाला हे सुचलं तरी कुठून?" मी वर देवळाकडे बघितलं. देवीलाही ठाऊक नसावं.

शेवटी एका संध्याकाळी रूपालीनं हॉलमध्ये पक्की यादी वाचली. "पहिला दिवस, किल्ला. दुसरा दिवस, दीपगृह. मग घंटाघर, मग कड्यावरचं चर्च..."

"आणि समुद्र?"

"समुद्र काय बाबा, वरून सगळीकडून दिसतो!"

"वरून पाय कसे बुडणार?"

रूपालीनं यादीवरून मान वर केली.

"अगं, किल्ला मी नको म्हटला होता," मी म्हटलं. "डबल दिली होती."

"डबल म्हणजे?"

मी टीपॉयवर बोट वाजवून दाखवलं. टण, थांब. टण टण, चल पुढे.

रूपालीनं कपाळाला हात लावला. "बाबा! दोनदा मारलं की बदाम उमटतो! म्हणजे खूप आवडलं! एकदा मारलं की नुसता फोटो मोठा होतो!"

संदेश हसत हसत सोफ्यावरून खाली घसरला. "अरे यार बाबा! नको नको म्हणालात ते सगळं घेतलं आपण!"

इंदू मात्र हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे पायऱ्या दिसल्या की तुम्ही नको म्हणत होता? माझ्या गुडघ्यांसाठी?"

मी मान हलवली. तिचे डोळे भरून आले. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे असं बघितलेलं मला आठवत नाही. काय सांगू! गाडी तिथेच थांबायला हवी होती. एक बेल!

पण रूपाली कामाची पोरगी. "काळजी करू नका आई, बदलते सगळं. हे बदाम गेले म्हणून समजा. किल्ला नको... दीपगृह नको... घंटाघर नको... अगंबाई, हा तर तुमचा ड्रेसवाला फोटो! यावरही बाबांचा..."

तिनं जीभ चावली. उशीर झाला होता.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला आपली साडीच बरी वाटली होती. डबल दिली होती. आणि तो बदाम इंदूनं पंधरा दिवस बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या बायकांना दाखवला होता, हे मला त्या घटकेला कळलं.

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. पण माझं वाक्य पुरं व्हायला किती वेळ लागतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

इंदू उठली. जिन्याच्या प्रॅक्टिसचा गुण असेल, गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. माझ्यासमोरचा आल्याचा चहा उचलला आणि तरातरा आत निघून गेली.